पोत्यावरून दाणा

आमच्या गोंदियात धानाचा एक दाणा कुणी काट्यावर ठेवत नाही. काटा हलणारच नाही. तोलायचं असतं ते पोतं. पण पोत्यात दाणे किती हे ठाऊक असेल, तर एका दाण्याचं वजन साध्या भागाकारानं निघतं.

१९७२ साली हाच भागाकार दोघांनी विश्वावर केला. त्यातला एक नागपुरात जन्मलेला, हे मला विदर्भ एक्सप्रेसमध्ये मोबाईल चाळताना कळलं. आधी रागच आला. तीन वर्षं बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकलो, पण रामनाथ कौसिक हे नाव एकदाही कानावर आलं नव्हतं.

जन्म १९४०, शिक्षण कर्नाटकात, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. याच संस्थेच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या संशोधकांसोबत १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले होते. पुढे कौसिक बर्कलेला गेले.

तिथे त्यांनी जॉन मॅकलेलँडसोबत मांडलेला हिशोब असा. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो आजही सगळीकडे आहेत. प्रत्येक प्रकारचे दर घन सेंटीमीटरला शंभराच्या वर. म्हणजे दाण्यांची संख्या कळली. आता पोतं. विश्व किती वेगानं पसरतंय आणि तो वेग किती मंदावतोय, यावरून त्यात एकूण वस्तुमान जास्तीत जास्त किती मावेल हे ठरतं. न्यूट्रिनो जड असते, तर त्यांच्या गुरुत्वाकर्षणानं हे पसरणं कधीच खूप मंदावलं असतं. उत्तर आलं: एक न्यूट्रिनो ८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा हलका हवा. इलेक्ट्रॉन ५,११,००० चा, यावरून अंदाज करा. प्रयोगशाळांच्या मर्यादा तेव्हा याहून बऱ्याच सैल होत्या. पुढच्याच वर्षी, दीर्घिकासमूहांमधलं न दिसणारं वस्तुमान न्यूट्रिनोंचं असू शकेल, असंही दोघांनी सुचवलं. ते तसं निघालं नाही, पण प्रश्न खरा होता.

छाती फुगवण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. हीच युक्ती सोव्हिएत रशियात गेर्श्टाइन आणि झेल्दोविच यांनी १९६६ मध्येच लढवली होती. नागपूरचा म्हणून पहिला, असं म्हणायचा मोह मलाही झालाच.

न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदेतून कळलं. किती, ते अजून नाही. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून तिन्ही प्रकार मिळून जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तेही जास्तीत जास्त. मात्र आता प्रसरणाच्या वेगावरच वाद आहे. प्लँकवरून तो ६७ येतो, ताऱ्यांवरून मोजला तर ७३. न्यूट्रिनोंचा आणखी एखादा प्रकार धरला तर हा फरक मिटेल का, हेही काहींनी तपासून पाहिलं. पुरतं जमलेलं नाही. बाजारात असं झालं की भांडण धानावरून होत नाही, काट्यावरून होतं.