कारळ्यांचं माहेर

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात कारळ्याची चटणी संपत आली, की बाजारात ‘रामतिल’ मागावं लागतं. बी तेच: काळं, तुकतुकीत, जिऱ्याहून आखूड. सरगुजा-जशपूरकडे त्याला जटंगी म्हणतात, नाशिकच्या डोंगरांत खुरासणी. या शेवटच्या नावावरून ते इराणातून आलं असावं असं वाटतं. वनस्पतिशास्त्रातलं नाव मात्र खरं गाव सांगतं: ग्विझोटिया अबिसिनिका. अबिसिनिया म्हणजे इथिओपिया.

तिथे या बियांना ‘नुग’ म्हणतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे दिवस वर्षात दोनशेच्या आसपास भरतात. त्या दिवसांत मांस, दूध, लोणी सगळंच वर्ज्य. मग फोडणीला उरतं नुगाचं तेल. नाचणीचं मूळही पूर्व आफ्रिकेच्या पठारांवरचं, आणि अभ्यासकांच्या मते ही दोन्ही पिकं प्राचीन काळीच समुद्रमार्गे भारतात आली. बस्तरमध्ये उन्हाळ्यात मडिया पेज पितात तीही याच नाचणीची. हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीतही कारळं तग धरतं. आदिवासी शेतकऱ्याने ते जपलं ते म्हणूनच.

मराठी माणूस छत्तीसगडात त्यामानाने फार उशिरा पोचला. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकरांची फौज रतनपूरवर आली, 1758 मध्ये बिंबाजी भोसले तिथे राहायलाच आले. 1818 नंतर ब्रिटिश अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला, 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. राज्य गेलं, घरं राहिली. वांग्याच्या भाजीला कारळ्याचं कूट लावायची सवयही राहिली.

अशा घरात कारळ्याच्या मायदेशाची, इथिओपियाची, ‘डोरो वॉट’ ही कोंबडी शिजते तेव्हा परकं सामान फार थोडं लागतं. तिचा मसाला, म्हणजे ‘बर्बेरे’, मुख्यतः लाल मिरचीचा. त्यात आलं, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी. तिथली मोठी वेलची, कोरारिमा, इथे मिळत नाही. तिच्या जागी आपली वेलची चालते. खरी कसोटी कांद्याची आहे. एका कोंबडीला किलोभर कांदा अगदी बारीक चिरायचा आणि लोखंडी कढईत तेलाचा थेंबही न घालता मंद आचेवर परतत बसायचं. आधी त्याला पाणी सुटतं, मग ते आटतं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने तांबूस लगदा कडा सोडू लागतो. तूप आणि मसाला त्यानंतर. इथे घाई केली की रस्सा कच्चट लागतो; तो मग कशानेही सुधारत नाही.

मूळ पदार्थात कोंबडीबरोबर उकडलेली अंडी असतात. बटाटा, गाजर, मुनगा म्हणजे शेवग्याची शेंग आणि शेवटी चमचाभर भाजल्या कारळ्याचं कूट ही भर रायपूरची. टेफ या तिथल्या धान्याच्या इंजेरा नावाच्या घावनाऐवजी आंबवलेल्या नाचणीचं घावन घ्यावं. रस्सा टिपून घ्यायला ते उत्तम. इथिओपियात ही कोंबडी 55 दिवसांचा उपास सोडताना, ईस्टरला रांधतात. श्रावण संपल्यावर मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्यांना त्यामागची ओढ समजावून सांगायला नको.

दोन्हीकडचा लाल रंग मात्र तुलनेने नवा आहे. मिरची अमेरिकेतून निघाली आणि भारतात ती पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणली. त्याच शतकात इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत पोचला. पुढे मलिक अंबर या नावाने त्याने निजामशाही सांभाळली. मराठी इतिहासाला तो ठाऊक आहे, त्याच्या मायदेशाहून आलेलं बी मात्र चटणीपुरतंच उरलं. रायपूरच्या गोलबाजारात जाल तेव्हा पावशेर रामतिल जरूर मागा. एरवी भारतातून अमेरिकेत जाणारी कारळी तिथे पाखरांना घालतात.