मोटारगाडीच्या पुढील चाकांचे निलंबन

मोटारगाडीचा सांगाडा व तिची चाके यांना लवचिकपणे जोडणाऱ्या यंत्रणेस निलंबन म्हणतात. रस्त्यावरील खाचखळग्यांचे धक्के सौम्य करणे व चाक रस्त्यास टेकलेले ठेवणे ही तिची दोन कार्ये होत. पुढील चाकांना याशिवाय वळावेही लागते. त्यामुळे त्यांच्या निलंबनाचा प्रश्न मागील चाकांपेक्षा अधिक बिकट ठरला.

हा फरक घाटरस्त्यावर चांगलाच जाणवतो. सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (स्थापना १९८१) मालवण, वेंगुर्ले या बंदरांकडून घाटमाथ्याकडे जाणारे रस्ते फोंडा, आंबोली इ. घाटांतून चढतात. वेंगुर्ले–बेळगाव मार्गावर पूर्वी चालणाऱ्या बैलगाड्यांना स्प्रिंग नसे. चाकाचा धक्का थेट माल व माणसे यांना बसे. वेग बैलाच्या चालीएवढाच असल्याने ते निभावून जाई.

इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीसाठी पोलादी पट्ट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचे एकस्व मिळविले. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा असा जुडगा आपल्याकडे ‘पाटा’ या नावाने ओळखला जातो. बहुतेक आरंभीच्या मोटारींनी घोडागाडीचीच रचना उचलली : दोन्ही पुढील चाकांना जोडणारा एक अखंड आस व त्यावर दोन पाटे. या रचनेत डावे चाक दगडावर चढले की आस कलतो आणि उजवे चाकही तिरपे होते. शिवाय वेगाने फिरणारे चाक भोवऱ्याप्रमाणे वागते. त्यास कलविले असता ते बाजूस वळू पाहते. परिणामी चाके डावीउजवीकडे थरथरू लागतात व चालकाच्या हातातील चक्र हिसके देते. १९२० नंतर वेग वाढले, पुढील चाकांना ब्रेक आले, कमी दाबाचे रुंद टायर आले आणि हा दोष धोकादायक बनला.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगणे. फ्रान्समध्ये आमेदे बोले यांच्या १८७३ च्या वाफेवरील गाडीत व इटलीतील लान्चिया लाम्ब्दा (१९२२) मोटारीत तो योजलेला होता. परंतु १९३४ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने तो स्वीकारल्यावरच त्याचा मोठा प्रसार झाला. रूढ झालेल्या एका रचनेत प्रत्येक चाक वर-खाली असलेल्या दोन दुबेळकी भुजांवर हलते. वरची भुजा आखूड असते. त्यामुळे चाक उचलले गेले तरी टायरचा तळ फारसा बाजूस सरकत नाही. भार गुंडाळी स्प्रिंग पेलते. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवून परत देते, ती नष्ट करीत नाही. म्हणून धक्काशोषक लागतो. त्यात तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाऊन ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेल्या फियाट ११०० व तिच्याच पुढील रूपातील पद्मिनी या गाड्यांत हीच रचना होती. मुंबईच्या टॅक्सीमुळे ती महाराष्ट्रात घरोघर परिचित झाली. अँबॅसडरमध्ये गुंडाळी स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब होती. जीप, मालमोटारी व एस्. टी. च्या साध्या गाड्या यांनी मात्र अखंड आस व पाटेच राखले. हा मागासलेपणा नव्हे. जड भाराखाली चाकांचा कोन कायम राहणे व तुटलेला पाटा वाटेवरच्या गॅरेजात बदलता येणे यांचे मोल तेथे अधिक असते.

अमेरिकन अभियंता अर्ल मॅक्फर्सन यांनी १९४० नंतरच्या दशकात वरची भुजाच काढून टाकली. त्यांच्या रचनेत धक्काशोषक हाच चाकाचा उभा खांब बनतो व त्याचे वरचे टोक थेट गाडीच्या पत्र्याच्या कवचात बसते. जागा वाचते, त्यामुळे पुढे आडवे एंजिन बसविता येते. भारतात मारुती ८०० (१९८३) व पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका (१९९८) यांत ती आढळते. परंतु येथे रस्त्याचा धक्का कवचाच्या पत्र्यावर येतो आणि मालवणसारख्या किनाऱ्यावर खारा वारा व पावसाळी चिखल नेमका हाच पत्रा कुरतडतात. खांबाच्या माथ्याभोवतीचा पत्रा गंजून फाटला, तर चाकाचा कोन बिघडतो, टायर एका कडेने झिजतो व गाडी एका बाजूस ओढू लागते. घाटाच्या उतारावर ब्रेक दाबताना हे जीवावर बेतू शकते. म्हणून किनारी भागात पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानी आतून गोड्या पाण्याने धुणे व खांबाचा माथा तपासणे आवश्यक असते.