एसएलसीओ१बी१ (जनुक)
एसएलसीओ१बी१ हे मानवाच्या १२व्या गुणसूत्रावरील जनुक आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील औषधे यकृताच्या पेशींत वाहून नेणारे प्रथिन या जनुकानुसार तयार होते. जनुकातील एका बदलामुळे हे वहन मंदावते आणि रक्तातील औषधाचे, विशेषतः सिम्व्हास्टॅटिनचे, प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज ८० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या ज्या व्यक्तींना हा बदल आई व वडील या दोघांकडून मिळाला होता, त्यांच्यात हा धोका तो बदल नसलेल्यांच्या सुमारे १७ पट आढळला. क्वचित प्रसंगी स्नायुपेशींचे मोठे विघटन होऊन मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात मिसळते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तीव्र स्नायुदुखी, अशक्तपणा व गडद तपकिरी लघवी ही त्याची लक्षणे असून, ती दिसताच तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.