स्पूल टेप घरी सुरू करायचीय? यंत्र विकत घेण्याआधी हे समजून घ्या

विनाईल रेकॉर्ड परत आल्या. त्यांच्यामागोमाग कॅसेटनाही थोडेफार चाहते मिळाले. आता हौशी मंडळींची नजर त्याहून जुन्या यंत्राकडे वळतेय. दोन मोठी रिळं संथपणे फिरत राहतात तो स्पूल टेपरेकॉर्डर.

हे यंत्र दिसायला देखणं आहे आणि त्याचा आवाजही उत्तम असतो. पण रेकॉर्ड प्लेयरसारखं 'आणलं, लावलं, ऐकलं' असं इथे होत नाही. चुकीचं यंत्र घेतलं तर पैसे वाया जातात. त्याहून मोठा धोका म्हणजे घरातली एखादी जुनी, एकुलती एक टेप घाईने लावली तर तिच्यावरचा आवाज कायमचा जाऊ शकतो.

म्हणूनच सुरुवात करण्याआधी काय माहीत असायला हवं, ते पाहूया.

स्पूल टेप म्हणजे नेमकं काय?

प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साईडचा थर असतो. यंत्राच्या 'हेड'वरून ही पट्टी सरकते तेव्हा आवाज चुंबकीय स्वरूपात तिच्यावर उमटतो किंवा वाचला जातो. कॅसेटमध्येही हेच घडतं. फरक इतकाच की स्पूलमध्ये टेप डबीत बंद नसते. ती एका रिळावरून काढून, हेडसमोरून ओवून, दुसऱ्या रिळावर हाताने गुंडाळावी लागते.

जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र मांडलं. त्याची टेप बीएएसएफने बनवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी नेली आणि १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. गायक बिंग क्रॉस्बी यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी हे तंत्र उचललं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीचं पहिलं यंत्र आलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरातले स्टुडिओ स्पूलवर चालले. आपल्याकडे आकाशवाणीचं कामही दीर्घकाळ स्पूलवरच होत होतं.

आवाज वेगळा का वाटतो?

याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. टेपचा वेग आणि टेपची रुंदी.

कॅसेटमधली टेप सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटीमीटर सरकते. स्पूलचे घरगुती वेग साधारण ९.५ आणि १९ सेंटीमीटर असतात, तर स्टुडिओतला वेग ३८ सेंटीमीटर. म्हणजे कॅसेटच्या आठपट. वेग जितका जास्त, तितकी आवाजाला टेपवर जास्त जागा मिळते. बारीक, उंच स्वर स्पष्ट उमटतात आणि मागची 'सूं' अशी खरखर कमी होते. टेपची रुंदीही पाव इंच, म्हणजे कॅसेटच्या टेपपेक्षा दीडपटीहून अधिक असते.

पण वेग वाढला की टेप जास्त लागते. ७ इंची रिळावर १८०० फूट टेप असेल तर ती १९ सेंटीमीटरच्या वेगाने ४८ मिनिटं चालते आणि ९.५ च्या वेगाने ९६ मिनिटं. लांबलचक मैफल ध्वनिमुद्रित करताना अनेकजण कमी वेग का निवडत, ते यावरून लक्षात येईल.

'हाफ ट्रॅक' की 'क्वार्टर ट्रॅक'?

नवख्या माणसाचा सर्वात जास्त गोंधळ इथे होतो.

हाफ ट्रॅक स्टिरिओमध्ये टेपची पूर्ण रुंदी डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठी वापरली जाते. टेप एकाच दिशेने वाजते. स्टुडिओतल्या टेप बहुधा अशाच असतात.

क्वार्टर ट्रॅकमध्ये रुंदीचे चार भाग होतात. दोन भाग जाताना आणि दोन रीळ उलटून येताना. टेप वाचते, पण प्रत्येक ट्रॅक अरुंद होतो. घरगुती यंत्रं मुख्यतः या प्रकारची असतात.

क्वार्टर ट्रॅक यंत्रावर हाफ ट्रॅक टेप लावली तर ती बऱ्यापैकी ऐकू येते. उलट केलं तर मात्र पंचाईत होते. दोन्ही बाजूंनी भरलेली क्वार्टर ट्रॅक टेप हाफ ट्रॅक यंत्रावर लावली, तर गाण्यासोबत दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं वाजताना ऐकू येतं. अशा वेळी टेप खराब झालेली नसते, यंत्र चुकलेलं असतं.

रिळाचा आकारही पाहून घ्या. ५ आणि ७ इंची रिळं लहान यंत्रावर बसतात. साडेदहा इंची रिळं सगळ्या यंत्रांवर बसत नाहीत आणि त्यांच्या मोठ्या छिद्रासाठी वेगळे ॲडाप्टर लागतात.

भारतात यंत्र घेताना: व्होल्ट आणि हर्ट्झ

परदेशातून आलेली अनेक यंत्रं अमेरिकेच्या किंवा जपानच्या बाजारासाठी बनलेली असतात. ती १०० ते १२० व्होल्टवर चालतात. आपल्याकडे २३० व्होल्ट. यावर 'स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावा' असा सल्ला लगेच मिळतो. तो बरोबर आहे, पण अर्धाच.

अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, भारतात ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अनेक जुन्या यंत्रांच्या मोटरचा वेग या हर्ट्झवरच ठरतो. असं ६० हर्ट्झचं यंत्र आपल्याकडे सुमारे १७ टक्के हळू चालतं. काळी तीनमधलं गाणं काळी दोनमध्ये ऐकू येतं!

म्हणून यंत्राच्या मागच्या पट्टीवर '५०/६० हर्ट्झ' लिहिलंय का, ते आधी पाहा. काही यंत्रांत त्यासाठी पुली बदलावी लागते किंवा आतला स्विच फिरवावा लागतो. ती पुली मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. रेवॉक्स ए७७ आणि बी७७ सारख्या काही यंत्रांत मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळला जातो. तिथे हर्ट्झचा प्रश्न येत नाही, व्होल्टची निवड योग्य असली की झालं.

जुनं यंत्र कसं तपासायचं?

नवी यंत्रं आजही बनतात, पण त्यांच्या किमती लाखांत आहेत. त्यामुळे बहुतेकांची सुरुवात जुन्या यंत्रानेच होते. रेवॉक्स, अकाई, टीॲक, सोनी, ओटारी, टेक्निक्स ही त्यातली परिचित नावं. घेताना या गोष्टी पाहा:

• हेड: टेप घासून हेडवर सपाट चट्टा किंवा खाच पडली आहे का? नवं हेड मिळणं अवघड असतं.
• रबरी रोलर: तो कडक, चकचकीत किंवा चिकट झालाय का? तसं असेल तर आवाज डुलतो.
• हालचाल: प्ले, पुढे, मागे, थांबा ही बटणं टेप लावूनच तपासा. थांबताना टेप सैल पडता कामा नये किंवा ताणली जाता कामा नये.
• दोन्ही वाहिन्या: डावा आणि उजवा आवाज सारखा येतो का? ध्वनिमुद्रणही करून पाहा.
• आतले भाग: जुने कॅपॅसिटर वयाने निकामी होतात. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका, आधी जाणकाराकडून उघडून घ्या.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या शहरात किंवा आसपास हे यंत्र दुरुस्त करणारा कुणी आहे का, ते आधी शोधा. चांगला मेकॅनिक हाताशी असेल तर साधं यंत्रही वर्षानुवर्षं साथ देतं.

टेप कोणती घ्यायची?

फ्रान्सची 'रेकॉर्डिंग द मास्टर्स' आणि अमेरिकेची 'एटीआर मॅग्नेटिक्स' या कंपन्या आजही नवी टेप बनवतात. साडेदहा इंची एका रिळाला काही हजार रुपये पडतात, आयातीचा खर्च वेगळा. सुरुवातीला ७ इंची एखाद-दुसरं नवं रीळ पुरेसं आहे. प्रत्येक टेपला यंत्रातला 'बायस' जुळवावा लागतो. तो जुळलेला नसेल तर आवाज दबलेला किंवा टोचरा होतो. म्हणून एकच टेप ठरवा आणि मेकॅनिककडून यंत्र तिच्यासाठी लावून घ्या.

जुनी वापरलेली टेप स्वस्त मिळते, पण जपून. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही टेपमधला चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. ॲम्पेक्स ४५६ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशी टेप लावली की करकर आवाज येतो, ती अडखळते आणि ऑक्साईड खरवडून हेडवर चिकटतो.

घरात जुनी टेप सापडली तर?

महाराष्ट्रात अनेक रसिकांनी घरगुती बैठका, भाषणं, घरच्यांचे आवाज स्पूलवर जपले. त्यातल्या कित्येक टेपची दुसरी प्रत कुठेच नसते. अशी टेप सापडली तर:

• लगेच लावू नका. आधी नीट पाहा. पांढरट बुरशी, चिकटपणा किंवा व्हिनेगरसारखा वास आहे का? असेल तर ती जाणकारांकडेच द्या.
• चिकट झालेली टेप ठरावीक तापमानाला काही तास तापवून तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते. पण हे काम घरच्या ओव्हनमध्ये करू नका. जुन्या ॲसिटेट टेपला तर ही उष्णता घातकच ठरते. रीळ उजेडासमोर धरा. कडेच्या बाजूने प्रकाश आरपार दिसला तर टेप ॲसिटेटची आहे.
• रेकॉर्डच्या बटणापासून सावध राहा. कॅसेटला पुसलं जाऊ नये म्हणून मागे एक कान असतो, तो तोडता येतो. स्पूलला अशी सोय नाही. चुकून बटण दाबलं गेलं की जुना आवाज गेला.
• टेप तुटली तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पाझरतो. त्यासाठी खास स्प्लायसिंग टेप मिळते.
• वाजवताना त्याच वेळी डिजिटल प्रत करा. ध्वनिसंग्रहांमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ही पद्धत रूढ आहे. प्रत झाली तरी मूळ टेप टाकू नका.

निगा कशी राखायची?

दर काही तासांच्या वापरानंतर हेड आणि टेपच्या वाटेतले धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल मानवत नाही, त्यासाठी किंचित ओलं कापड पुरे. हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व अधूनमधून डीमॅग्नेटायझरने काढावं लागतं. तो यंत्रापासून हातभर दूर सुरू करा, हळू जवळ आणा, हळू दूर न्या आणि मगच बंद करा. त्या वेळी यंत्र बंद असावं आणि टेप दूर ठेवलेल्या असाव्यात.

रिळं उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात ओलावा हा मुख्य शत्रू. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला.

मग सुरुवात कुठून?

आधी मेकॅनिक, मग यंत्र, मग एक नवी टेप. पहिले काही आठवडे तिच्यावरच आवडती गाणी भरा, पुसा, पुन्हा भरा. टेप ओवणं, ताण ओळखणं, बटणांचा क्रम हे सगळं हाताला सवयीचं होऊ द्या. घरातली जुनी टेप त्यानंतरच काढा. नवी टेप बिघडली तर दुसरी आणता येईल. आजोबांच्या आवाजाची टेप पुन्हा कुठून आणणार?