अर्धकथानक : एका जैन जवाहिऱ्याचा स्वतःचा ताळेबंद

जैन समाजाच्या इतिहासात दानशूर श्रेष्ठींची नावे विपुल आढळतात. मंदिर कोणी बांधले, यात्रासंघ कोणी नेला, ग्रंथ कोणी लिहवून घेतले, हे मूर्तींच्या पादपीठांवरून आणि पोथ्यांच्या प्रशस्तींवरून कळते. मात्र त्या श्रेष्ठीला धंद्यात खोट कधी आली, देणे कोणाचे राहिले, पैशाचा लोभ कितपत सुटला, हे प्रशस्ती सांगत नाही. ते तिचे कामही नव्हे. म्हणूनच एका जैन व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने या सर्व रकमा नावे टाकून ठेवल्या, ही घटना विशेष मानली पाहिजे.

कविवर बनारसीदास यांचा जन्म इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. बनारसीदासांनी वयाच्या ५५ व्या वर्षी, म्हणजे विक्रम संवत १६९८ (इ. स. १६४१) मध्ये, आग्रा येथे ६७५ पद्यांत आपले चरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरल्यास आपण निम्मे ओलांडले, या हिशोबाने त्यांनी त्यास ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून या ग्रंथाची ख्याती आहे.

तो काळ व्यापाऱ्यास सोपा नव्हता. इ. स. १५९८ मध्ये जौनपूरच्या मोगल अधिकाऱ्याने शहरातील सर्व जवाहिऱ्यांना कैदेत टाकून त्यांचा छळ केला आणि सुटका होताच खरगसेनांना कुटुंबासह गाव सोडावे लागले. इ. स. १६०५ मध्ये अकबराच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हा दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरले आणि भारी वस्त्रे टाकून जाडेभरडे कपडे अंगावर घेतले. ती वार्ता ऐकताच तरुण बनारसी जिन्यावरून कोसळले व त्यांचे डोके फुटले. स्वतःच्या या घाबरटपणाचे वर्णनही त्यांनी टाळलेले नाही.

तारुण्यात त्यांचे लक्ष दुकानापेक्षा काव्य आणि प्रेमप्रकरणे यांकडे अधिक होते. एका संन्याशाने दिलेला मंत्र त्यांनी वर्षभर गुप्तपणे जपला. वर्ष संपताच दररोज दारात एक दीनार सापडेल, असे आश्वासन होते. दीनार एकही मिळाला नाही. पुढे नवरसांवर रचलेली सुमारे हजार पद्यांची पोथी त्यांनी गोमती नदीत सोडून दिली. एका असत्यानेही मनुष्य पापी होतो आणि आपण तर असत्याची पोथीच भरली, हा विचार त्यामागे होता. मित्र हळहळले, पाने मात्र वाहून गेली.

इ. स. १६१० मध्ये वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. येथून पुढचा भाग कोणत्याही पेढीवरच्या माणसाने सावकाश वाचावा असा आहे. कापड तोट्यात गेले, तूप-तेलात किरकोळ नफा झाला. जवाहिरांपैकी काही हरवले आणि काहींचे पैसे बुडाले. शेवटी घरातील वस्तू विकून खाण्याची पाळी आली. मग कचोरीवाल्याकडे उधारी सुरू झाली. बनारसीदासांनी काही दिवसांनी त्यास स्पष्ट सांगितले, की आपल्याजवळ पैसा नाही, उधार द्यायचे की नाही ते विचारपूर्वक ठरवावे. त्या भल्या माणसाने उधारी चालूच ठेवली. अनेक महिन्यांनी चुकती केलेली रक्कम १४ रुपये होती. तीस-पस्तीस वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना हा आकडा लेखकास आठवतो, यावरून त्या उधारीचे ओझे लक्षात येते. (त्या कचोरीवाल्याची पारखही लहान म्हणता येणार नाही.)

पुढे सासुरवाडीस, खैराबादला, पत्नीने जमविलेले २० रुपये आणि सासूबाईंनी गुपचूप दिलेले २०० रुपये या भांडवलावर त्यांनी पुन्हा माल घेतला. या खेपेसही कापडाने हात दिला नाही, मोत्यांनी दिला. तेव्हा कापडाचा धंदा नको, असे त्यांनी मनाशी ठरविले. कापड व्यापाऱ्यांनी याचा राग मानू नये! आग्र्याचे धनाढ्य साहू सबलसिंह यांच्याकडे भागीदारीचा हिशोब मिटविण्यासाठी त्यांना वारंवार खेटे घालावे लागले. साहू गायन-वादनात मग्न असत आणि हिशोबास सवड मिळत नसे. अखेर अंगाशाह या मध्यस्थाने ते प्रकरण तडीस नेले. मोठ्या पेढीचा धनी स्वतःच्या वहीपासून दूर गेला, की लहान भागीदाराची काय अवस्था होते, याचा हा बोलका दाखला आहे.

उत्तरायुष्यात त्यांची कीर्ती अध्यात्मक्षेत्रात पसरली. आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ परंपरेवर आधारित ‘समयसार नाटक’ त्यांनी इ. स. १६३६ मध्ये पूर्ण केले आणि आग्र्यातील अध्यात्ममंडळीत त्यांचा शब्द मानला जाऊ लागला. असा मान मिळालेला माणूस स्वतःविषयी लिहिताना सहसा जपून लिहितो. बनारसीदासांनी ग्रंथाच्या अखेरीस प्रथम आपले गुण दिले: काव्यरचना, भाषाज्ञान, क्षमा, संतोष, गोड वाणी. ते लपविण्याचा खोटा विनयही त्यांनी केला नाही. त्यानंतर दोष दिले. क्रोध, मान आणि माया अल्प, परंतु लक्ष्मीचा लोभ मोठा. थोड्या लाभाने हर्ष, थोड्या हानीने खोल विषाद. जप, तप, पूजा, दान यांत रुची नाही. खोटे बोलताना लाज वाटत नाही. थट्टा-मस्करीचा अतिरेक, एकांतात नाचण्याची खोड, अकारण भय. जनांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे तीन प्रकार सांगून त्यांनी स्वतःस मध्यमांत बसविले आहे. जमेच्या व नावेच्या दोन्ही बाजू इतक्या निर्विकारपणे लिहिणारा दुसरा व्यापारी त्या शतकात शोधून सापडणार नाही.

तीन विवाह आणि नऊ अपत्ये; नऊही अपत्ये गेली. पानगळ झालेल्या वृक्षांसारखे पती-पत्नी मागे उरल्याचे ते लिहितात आणि तेथेही दैवास बोल लावीत नाहीत.

ग्रंथलेखनानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. पोथी मात्र टिकली. इ. स. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईतील हिंदी ग्रंथ रत्नाकर या आपल्या संस्थेतर्फे ती संपादून छापली आणि १९५७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. डॉ. मुकुंद लाठ यांचा इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये जयपूरहून प्रसिद्ध झाला.