कर्जदाराची पृथ्वीप्रदक्षिणा

आम्हां बँकवाल्यांची प्रवासाची झेप एलटीसीच्या पलीकडे जात नाही. आणि कर्जदारच पृथ्वीप्रदक्षिणेला निघालाय म्हटल्यावर कुठल्याही मॅनेजरला घाम फुटेल! मार्क ट्वेननं नेमकं हेच केलं.

खोड जुनीच. 1867 साली 'क्वेकर सिटी' बोटीची युरोप-जेरुसलेमची सफर निघाली. तिकीट 1250 डॉलर. ते यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' या वर्तमानपत्राकडून उकळलं. वर दर पत्रामागं 20 डॉलर! काम काय, तर मजा करायची आणि ती लिहून कळवायची. पुन्हा त्याच पत्रांवरून 1869 साली पुस्तक. एका उसाचा दोनदा रस!

पण 1894 साली त्याची प्रकाशन कंपनी बुडाली. कायद्याच्या आधारानं थोडक्यात सुटला असता. गडी म्हणाला, पै न् पै फेडीन. 1895 साली, साठीच्या उंबरठ्यावर, बायको आणि एक मुलगी बरोबर घेऊन निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका. गावोगाव तिकीट लावून व्याख्यानं. जानेवारी 1896 मध्ये आपल्या मुंबईकरांनाही हसवून गेला.

दौरा संपवून इंग्लंडात पोचला, तर ऑगस्टमध्ये तार आली. अमेरिकेत ठेवलेली थोरली सूझी गेली होती. तशा स्थितीत त्यानं प्रवासाचं पुस्तक पुरं केलं आणि 1898 साली कर्ज चुकतं केलं.

आमच्या लेजरात अशा खात्यावर 'बंद' एवढंच लिहितात. हसवण्याची किंमत मांडायला रकानाच नसतो, साहेब.