टॅक्सीतळावरचा पोरगा
न्यूयॉर्कच्या माफियात रीतसर दीक्षा मिळालेल्यालाच पक्का सदस्य मानत आणि त्यासाठी वंश इटालियन लागे. ब्रुकलिनच्या हेन्री हिलची (जन्म १९४३) आई सिसिलियन, बाप मात्र आयरिश. त्यामुळे ते दार कायमचे बंद. तरी १९५५च्या सुमारास घरासमोरच्या टॅक्सीतळावर तो माफियातला टोळीप्रमुख पॉल व्हॅरियो याच्या माणसांची पडेल ती कामे करू लागला. त्यांच्या गाड्या, कपडे, दरारा यांची भुरळ पोरसवदा वयात न पडती तरच नवल. १९७८ साली केनेडी विमानतळावर लुफ्तान्सा विमान कंपनीची सुमारे ५० लाख डॉलरची रोकड लुटली गेली, तीत याच टोळीचा हात होता. १९८०मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला जाताच हेन्री सरकारी साक्षीदार झाला. त्याच्या जबानीने व्हॅरियोही तुरुंगात गेला. निकोलस पिलेगीने हेन्रीवर लिहिलेल्या पुस्तकावरून मार्टिन स्कॉर्सेसीने १९९०मध्ये ‘गुडफेलाज’ हा चित्रपट काढला.